ग्लोबल चाइल्ड हेल्थ शिकायला परदेशातच जायला हवं का?

तुम्ही विचारलंय की इंदूरला एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षात आहात, पुढे पीडियाट्रिक्स घ्यायचंय, तर 'ग्लोबल चाइल्ड हेल्थ'साठी, म्हणजे जगभरातल्या, विशेषतः गरीब भागांतल्या मुलांच्या आरोग्याचा विषय शिकायला, घरचे काही लाख खर्चून अमेरिकेत महिनाभराची ऑब्झर्व्हरशिप करावी का.

मी इंदूरचाच, मराठी घरातला, बालरोगतज्ज्ञ. माझं उत्तर: आत्ता नको. ऑब्झर्व्हरशिपमध्ये पेशंटला हात लावायला मिळत नाही, राउंडच्या मागे उभं राहायचं असतं. आणि हा विषय हाताने आणि कानाने शिकायचा आहे.

रेसिडेन्सीत असताना मी काही आठवडे आदिवासी पट्ट्यातल्या एका पोषण पुनर्वसन केंद्रात होतो. आपल्याकडे सगळे त्याला एनआरसी म्हणतात. तिथे चौदा महिन्यांची एक मुलगी आली. दंडाला पट्टी लावली तर घेर 10.8 सेंटिमीटर. 11.5 च्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण, पट्टीचा लाल भाग. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या आईने गाठोडं बांधलं. मी समजावलं, मग चिडलो, मग केसपेपरवर 'लामा', म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता घरी गेली, असं लिहून कारण टाकलं: आई ऐकत नाही.

सोबत आलेल्या आशाताईने तो कागद बघितला आणि त्या बाईशी भिलीत, म्हणजे भिल्लांच्या बोलीत बोलली. नवरा मजुरीला गुजरातला. तीन वर्षांचा मोठा मुलगा शेजारणीकडे, आणि शेजारीणही दुसऱ्या दिवशी कामाला निघणार. हे सगळं त्या आईने मला आधी दोनदा सांगितलं होतं. मला मराठी, हिंदी, इंग्रजी येत होतं, भिली नाही, आणि मी नुसती मान हलवली होती. आशाताईने फोन करून त्या मुलाला वॉर्डातच आणवलं. आई राहिली. मुलीचं वजन वाढलं. ऐकत मी नव्हतो, हे मला अजून टोचतं.

त्याच वॉर्डात आहार शिकलो. पुस्तकात एफ-75 वाचलं होतं, म्हणजे अतिकुपोषित मुलांना सुरुवातीला द्यायचं दूध, 100 मिलीला 75 कॅलरी. तिथे ते दूध, साखर, तेल आणि मुरमुऱ्यांची पूड घालून पातेल्यात शिजायचं. मला ते फारच पातळ वाटलं. इतक्या वाळलेल्या पोराला एवढंसंच? पण उपासमारीत हृदय, लिव्हर, किडनी सगळं मंदावलेलं असतं. पहिल्याच दिवशी भरपूर प्रोटीन आणि सोडियम दिलं तर मूल सुजतं, हार्ट फेल होऊन दगावूही शकतं. म्हणून आधी थोडं थोडं, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. भूक परतली, सूज उतरायला लागली की मग हळूहळू एफ-100, म्हणजे 100 मिलीला 100 कॅलरीवालं. रात्री दोनचा फीड चुकला तर पहाटे रक्तातली साखर उतरते आणि अंग गार पडतं. तिथल्या सिस्टर दोन वाजता एकेका आईला हलवून उठवायच्या. मला त्यांच्याइतकं कुणी शिकवलं नाही.

श्वास मोजायलाही असाच शिका. मूल शांत असताना, छातीवरचं कापड बाजूला करून, पूर्ण एक मिनिट. दोन महिने ते एक वर्ष वयात 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. एक्स-रे नसलेल्या जागी न्यूमोनिया ओळखण्याची सुरुवात इथूनच होते.

आणि जग हे आपल्याच मुलखातून शिकलंय. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून वाटायला लावलं, नातेवाइकांनीच ते पाजलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, तो अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

परदेशाला माझा विरोध नाही. एम.डी. झाल्यावर लिव्हरपूल किंवा लंडनचा ट्रॉपिकल मेडिसिनचा डिप्लोमा जरूर बघा, आफ्रिकेत काम करायचं असेल तर उपयोगी पडेल. फक्त कुठेही जा, तिथल्या डॉक्टरांना आधी विचारा की त्यांना नेमकं काय हवंय. आणि जी प्रोसिजर इंदूरला सीनियरशिवाय करणार नाही, ती तिथल्या गरिबाच्या लेकरावर करू नका.

पी.जी.त तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी, म्हणजे जिल्हा रुग्णालयातलं काम, सक्तीची आहे. बरेच जण ते दिवस सुपरस्पेशालिटीच्या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासात घालवतात, तुम्ही तसं करू नका. त्याआधी, एमबीबीएसमधल्या या इलेक्टिव्हलाच (आवडीचा विषय निवडून शिकायचा काळ), डिपार्टमेंटचं पत्र घेऊन झाबुआ किंवा अलीराजपूरच्या जिल्हा रुग्णालयातल्या एनआरसीत बसायची परवानगी मागा. झाबुआ इथून दीडशेएक किलोमीटर, गंगवाल स्टँडवरून बस मिळते. जाण्याआधी भिलीतले चार प्रश्न पाठ करा: कधीपासून, काय खाल्लं, शी-शू कशी होते, घरी कोण आहे. चौथा सगळ्यात आधी विचारा.