ट्यूनरची डबी, नाकारलेली वॉरंटी आणि जॉब कार्डावरची सही

प्रश्न: देवगड तालुक्यात माझी हापूसची कलमं आहेत. बागेकडे जायला कातळावरची गाडीवाट आहे, म्हणून २०२३ मध्ये साधारण १६ लाखांची डिझेल फोर-बाय-फोर घेतली. पेट्या भरून चढ चढताना पिकअप कमी पडायचा. गेल्या हंगामाआधी २४ हजारांचा ट्यूनर ऑनलाइन मागवला. रेल प्रेशर सेन्सरच्या प्लगमध्ये जोडायची छोटी डबी. विकणाऱ्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, ‘वॉरंटीला धक्का नाही, काढल्यावर खूण राहत नाही.’ खोक्यावर ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असं छापलंय. सात महिने गाडी झकास चालली. मग फोंडा घाटात काळा धूर सोडून लिंप मोडमध्ये (इंजिन जोर कमी करून जेमतेम चालतं त्या स्थितीत) गेली. मेहुण्याने त्याच रात्री डबी काढली, सकाळी गाडी टो करून सर्विस सेंटरला नेली. जॉब कार्डावर ‘बाहेरची कोणतीही वस्तू बसवलेली नाही’ या ओळीखाली मी सही केली. आता ते म्हणतात, ईसीयूमध्ये (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकात) छेडछाड आहे, वॉरंटी मिळणार नाही. दोन इंजेक्टर आणि टर्बोचे २ लाख ८० हजार भरा, नाहीतर गाडी उचला. पार्किंग रोजचं ५०० रुपये. ग्राहक आयोगात जाऊ का? डबीबद्दल अवाक्षर काढू नको, असं सगळे सांगतात. विमा आणि आरटीओचं काय? शिवाय मेहुण्याला हीच डबी लावून गाडी किनाऱ्यावरच्या ऑफ-रोड स्पर्धेत न्यायची आहे.

उत्तर: बाकीचं सावकाश वाचा, आधी एक काम उरका. सर्विस सेंटरला आजच ईमेल करा: ‘काढलेले इंजेक्टर, टर्बो, त्यांचे गॅस्केट आणि पाइप माझ्या मालकीचे आहेत. ते फेकू नयेत, कंपनीकडे पाठवू नयेत, माझ्यासमोर सीलबंद करावेत. पहिल्या दिवशी घेतलेल्या स्कॅनचा पूर्ण अहवाल द्यावा. तोवर ईसीयूतले कोड पुसू नयेत.’ अशा प्रकरणांत वकील म्हणून मी सगळ्यात जास्त हळहळते ती इथेच. गाडीवाला नोटीस घेऊन येतो तेव्हा जुने पार्ट भंगारात गेलेले असतात आणि स्कॅनरची मेमरी कोरी झालेली असते. मग दोन्ही बाजूंना नुसते शब्दच उरतात.

आता डबीचं. अवाक्षर काढू नको असं सांगणारी माणसं तुमच्या भल्यासाठीच सांगतायत, पण सल्ला चुकीचा आहे. ग्राहक आयोगात तक्रार शपथपत्रावर होते. जॉब कार्डावर केलेली सही ही चूक होती. शपथेवर तेच लिहिलंत तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खालचा खोट्या पुराव्याचा गुन्हा होईल. आणि ते टिकणारही नाही. तुम्ही २४ हजार यूपीआयने दिलेत, कुरिअरची पावती आहे, व्हॉट्सॲप आहे. शिवाय गाडी स्वतःच बोलते. ती डबी नेमकं काय करते ते बघा. कॉमन रेल डिझेलमध्ये सेन्सर ईसीयूला सांगत असतो की रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत, दाब इतका आहे. डबी मध्ये बसून तो आकडा कमी करून पुढे पाठवते. ईसीयूला वाटतं दाब अपुरा आहे, म्हणून तो पंपाला आणखी ढकलायला लावतो. इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ तितकाच, पण आत डिझेल जास्त जातं. चढाला जोर मिळतो तो असा. जास्त डिझेल म्हणजे एक्झॉस्टची जास्त उष्णता, आणि ती उष्णता पहिल्यांदा झेलतो टर्बो. तुमच्याकडे काय उरलं असेल तेही सांगते: सेन्सरच्या प्लगचं लॉक ओरबाडलेलं, आतलं रबरी सील अर्धवट बसलेलं, आणि आपल्या खाऱ्या हवेने पिनांवर चढलेला हिरवट गंज. शेजारचे प्लग मात्र कंपनीतून आले तसे. कुठलाही जाणकार तज्ज्ञ हे बोट लावून दाखवेल.

म्हणून दुसरं पत्र, तुमच्याच सहीने, वकिलाची नोटीस जाण्याआधी: ‘जॉब कार्डावरचं माझं विधान अपुरं होतं. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रेल प्रेशर सेन्सरला एक बाह्य उपकरण जोडलेलं होतं. ते तपासणीसाठी सादर करायला तयार आहे.’ इतकंच. कारणं, माफी, मेहुण्याचा उल्लेख नको. हे पत्र लिहिताना हात थरथरेल, पण त्यानंतर तुमच्या प्रत्येक वाक्याला वजन येईल.

खरं सांगितलं म्हणजे केस गेली, असं मुळीच नाही. उलट आता प्रश्न विचारायची पाळी तुमची. वॉरंटी हा करार आहे. त्यातला अपवाद दाखवून कंपनीला हात वर करायचे असतील तर अपवाद लागू होतो हे तिने सिद्ध करायचं असतं. वॉरंटी पुस्तिकेतलं ते कलम काढून शब्द न् शब्द वाचा. ‘बदलामुळे झालेला बिघाड’ असं लिहिलं असेल तर डबी आणि बिघाड यांचा संबंध कंपनीने दाखवायला हवा. ‘बदल केल्यास वॉरंटी रद्द’ असं सरसकट असेल तर तुमची बाजू लंगडी पडते, तरी संबंध विचारण्याचा हक्क सोडू नका.

आणि इथे एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. ते म्हणतात ‘ईसीयूमध्ये छेडछाड’. ईसीयूतला प्रोग्राम बदलणं, म्हणजे ज्याला रीमॅप म्हणतात, ते वेगळं आणि प्लगमध्ये डबी लावणं वेगळं. रीमॅपमध्ये आतलं सॉफ्टवेअरच बदलतं आणि ते ओळखायला ईसीयूत कॅलिब्रेशनचा क्रमांक आणि पडताळणीचा आकडा असतो. तुम्ही म्हणता तसं फक्त डबीच लावली असेल, तर हे दोन्ही कंपनीच्या मूळ नोंदींशी जुळायला हवेत. तेव्हा लेखी विचारा: छेडछाड कशावरून ठरवली, कोणता आकडा, कधी वाचला, कोणी वाचला? जुळत असतील तर त्यांनी दिलेलं कारणच खोटं ठरतं. मात्र स्वतःशी प्रामाणिक राहा. कधी कुणी लॅपटॉप जोडून ‘स्टेज वन’ (रीमॅपचा पहिला टप्पा) वगैरे केलं असेल तर ते मला आत्ताच कळवा, सुनावणीत नको.

आयोगात कंपनीचा वकील आणखी एक बाण सोडेल: गाडी पेट्या वाहायला वापरली, म्हणजे व्यापारी हेतू, म्हणजे तुम्ही ‘ग्राहक’च नाही. घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी केलेला वापर व्यापारी हेतूत धरलेला नाही. स्वतःची आंब्याची कलमं, स्वतः चालवलेली गाडी, घरचीच माणसं. सातबारा आणि बागेचा हिशेब जोडा. भाड्याने दुसऱ्यांच्या पेट्या नेल्या असतील तर चित्र बदलतं.

तक्रार ओरोसच्या जिल्हा आयोगातच करा. त्याच कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणून सर्विस सेंटर कोल्हापूरला असो की ट्यूनरवाला आणखी लांबच्या शहरात, तुम्हाला तिकडे खेटे घालायला नकोत. गाडीची किंमत १० ते २० लाखांत असल्याने फी ४०० रुपये. मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं. तक्रारीसोबतच दोन अर्ज द्या: कलम ३८(२)(ग) खाली पार्ट आणि डबी तज्ज्ञांकडून तपासून घेण्याचा, आणि कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशाचा, म्हणजे हंगामाआधी गाडी हातात येईल. तपासणीचा खर्च आधी तुम्हालाच भरावा लागेल. संयुक्त पाहणी होऊन पार्ट सील झाले की मग हवं तर ‘हक्क राखून’ असं लिहून पैसे भरा आणि गाडी चालू करा. त्याआधी नाही.

पार्किंगच्या ५०० रुपयांचा धाक घेऊ नका. दुरुस्ती करणाऱ्याला गाडी अडवून धरण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० नुसार केलेल्या कामाच्या मोबदल्यापुरता असतो. त्यांनी इंजिन उघडून तपासलं असेल तर तेवढे पैसे रास्त, ते द्या. जॉब कार्डाच्या मागे पार्किंगची अट छापली आहे का ते मात्र पाहा.

विकणाऱ्यालाही सामनेवाला करा. माझ्या मते तुमची खरी केस त्याच्यावर आहे. ‘वॉरंटीला धक्का नाही’ हे विधान खोटं होतं आणि त्यावर विसंबून तुम्ही पैसे दिलेत. ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल दिलं नसेल तर तीही. पण त्याच संदेशाचं दुसरं अर्धं, ‘खूण राहत नाही’, तुमच्यावर उलटेल. विचारतील, खूण राहू नये अशी गरज का वाटली? याला उत्तर एकच: मला वॉरंटीची काळजी होती, त्याने मला चुकीचं सांगितलं आणि पुढे डबी लावल्याचं मी स्वतः सर्विस सेंटरला लेखी कळवलं. आता कळलं ना ते पत्र का हवं? सगळं संभाषण फोनसकट जपून ठेवा. स्क्रीनशॉटसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, ते मी करून देईन.

अपेक्षा किती ठेवायची? टर्बोचे पूर्ण पैसे कंपनीकडून मिळतील असं मी म्हणणार नाही. जास्त उष्णतेचं कारण तांत्रिकदृष्ट्या पटणारं आहे. इंजेक्टरबाबत डिझेलमधलं पाणी, फिल्टर आणि मूळ दोष या शक्यता खुल्या आहेत, म्हणून डिझेल भरल्याची पंपावरची बिलं आणि सर्विसच्या नोंदी गोळा करा. आयोगाने कलम ३७ खाली मध्यस्थी सुचवली तर जरूर जा. पार्ट निम्म्या दरात, मजुरी माफ आणि बाकी वॉरंटी चालू, इतकं पदरात पडलं तर मी तुम्हाला सही करायला सांगेन.

‘ऑफ-रोड वापरासाठी’ हा शिक्का तुम्हाला वाचवणार नाही. ही भाषा अमेरिकेतली आहे; तिथे रस्त्यावरच्या गाडीच्या प्रदूषण यंत्रणेत हात घालायला क्लीन एअर ॲक्टने बंदी आहे, म्हणून विक्रेते ती छापतात. आपल्याकडे एमएच ०७ ची नोंदणी झालेली गाडी बागेत उभी असली तरी मोटार वाहनच असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये; सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या जयचंद्र निकालात हे ठासून सांगितलं. आरसी कार्डावर क्युबिक कपॅसिटीच्या शेजारी हॉर्स पॉवरचा रकाना आहे, तोही पाहून घ्या. आता, कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला बदल असं म्हटलंय, आणि प्लगमधली डबी रचना बदलते का यावर वाद घालता येतो. घालावा लागला तर मी घालेनही. पण कलम १८२अ(४) मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही आहेत, आणि धूर मर्यादेबाहेर गेला तर कलम १९०(२) वेगळं. असला वाद कोर्टात घालण्यापेक्षा डबी न लावणं स्वस्त. आज ती काढलेली आहे, ती तशीच राहू द्या, आणि पुरावा म्हणून पाकिटात बंद करून माझ्याकडे आणा.

विम्यातून ही दुरुस्ती मिळणार नाही, कारण यांत्रिक बिघाड पॉलिसीतून वगळलेलाच असतो. पण पॉलिसीचं ‘वापराच्या मर्यादा’ हे पान वाचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत सामान्यतः सामानाची वाहतूक वगळलेली असते, त्यात आंब्याच्या पेट्याही येतात. घाटात अपघात झाला असता तर डबीपेक्षा पेट्यांवरूनच स्वतःच्या नुकसानीचा दावा अडला असता. पुढच्या हंगामाआधी विमा कंपनीशी बोलून घ्या. मोठ्या फेऱ्यांना मालवाहू टेम्पो सांगितलेला बरा.

आणि मेहुण्यांना माझा निरोप द्या: गाडी किनाऱ्यावर नेऊ नका. पुळण ही लोकांना जायची मुभा असलेली जागा आहे, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३४) नुसार सार्वजनिक जागाच. तिथे बेदरकार चालवलं तर न्याय संहितेचं कलम २८१ लागतं, जिल्हा प्रशासनाचा मनाई आदेश असेल तर २२३ सुद्धा. तांबळडेग, वायंगणीला नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि घरटं चाकाखाली आलं तर ‘दिसलं नाही’ हा बचाव पुरत नाही. सगळ्यात गंभीर गोष्ट विम्याची. ट्यूनर आहे म्हणून तिसऱ्या व्यक्तीची भरपाई विमा कंपनी सहज टाळू शकत नाही, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मधली बचावाची कारणं मोजकी आहेत. पण आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी ही त्या मोजक्या कारणांत आहेत. स्पर्धा बघायला आलेल्या एखाद्या पोराला त्या गाडीने उडवलं तर भरपाईचा आकडा तुमच्या हापूसच्या कलमांवर येईल. आरसी तुमच्या नावावर आहे.

येताना मूळ जॉब कार्ड, वॉरंटी पुस्तिका, पॉलिसीची सगळी पानं आणि फोन घेऊन या. ती दोन पत्रं मात्र येण्याआधी पाठवा.