फाटक काढलं म्हणजे धोका गेला का?

तुम्ही विचारलंय, रेल्वेसारख्या अवाढव्य व्यवस्थेत धोका कमी करायचे चार उपाय समोर असले, तर त्यातला कोणता खरंच कामाचा हे ठरवायचं कसं. माझे बाबा गेटमन होते आणि अमरावती जिल्ह्यात मुंबई-हावडा लाईनला लागून आमचं वावर आहे. म्हणून फाटकावरूनच सांगतो.

बाबांचा डबा घेऊन मी गुमटीत, म्हणजे फाटकाजवळच्या त्यांच्या खोलीत, जायचो. फोन खणखणला की बाबा फाटक पाडायचे, कुलूप घालायचे, मग स्टेशन मास्तरांना प्रायव्हेट नंबर द्यायचे आणि रजिस्टरात लिहून ठेवायचे. तो आकडा म्हणजे फाटक बंद असल्याचा शब्द. रात्री तीन वाजता अख्खी गाडी त्या एका जागत्या माणसाच्या भरवशावर यायची. इंटरलॉकिंग असलेल्या, म्हणजे सिग्नलला जोडलेल्या फाटकावर ते बंद होऊन कुलूप बसल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही. माझी पहिली कसोटी हीच: माणूस चुकला तरी गाडी थांबते का?

नुसते अपघात मोजू नका. वीस वर्षांत एकही झाला नाही म्हणून फाटक सुरक्षित ठरत नाही. ट्रॅक्टरनं दांडा कितीदा तोडला ते विचारा. फाटकावरची वर्दळ मोजायला रेल्वे टीव्हीयू काढते, म्हणजे दिवसभरातल्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. त्यात बैलबंडीही धरतात. पण ही मोजणी मे महिन्यात झाली, तर कापूस वेचणीतली गर्दी तिच्यात येणारच नाही.

2012 मध्ये रेल्वे सुरक्षेसाठी नेमलेल्या अनिल काकोडकर समितीनं पाच वर्षांत सगळी फाटकं काढायची शिफारस केली होती. 31 जानेवारी 2019 पर्यंत ब्रॉडगेजवरची गेटमन नसलेली सगळी फाटकं संपली. फार मोठं काम झालं ते.

आता धोका सरकतो कुठे ते बघा. शेजारच्या गावात फाटकाच्या जागी रुळाखालून रस्त्याचा बोगदा झाला. पहिल्याच जोराच्या पावसात कमरेएवढं पाणी साचलं. सोयाबीनचं डवरणं तोंडावर आलेलं, माणसं थांबतील किती दिवस? डोक्यावर खताचं पोतं घेतलेली एक बाई रुळावरून जाताना मी पाहिली, मागं तिच्या दोन बकऱ्या. तिला काही झालं असतं, तर ते फाटकावरच्या अपघातात धरलं गेलं नसतं, कारण तिथं आता फाटकच नाही.

बोगद्याचा हिशेब मांडाल तेव्हा पाणी उपसायचा पंप, त्याची वीज आणि पावसाळाभर तो चालू करायला जाणारा माणूस, हे तिन्ही त्यात धरा.