जपानी कादंबऱ्यांतली उदासी इतकी वेगळी का वाटते? तो जपानी स्वभावच आहे का?

कावाबाता या जपानी कादंबरीकाराला वाचताना काही घडत नाही, तरी पुस्तक मिटल्यावर जीव कसनुसा होतो, असं तुम्ही म्हणता. माझंही अगदी तसंच झालं होतं.

या भावनेला तिकडे 'मोनो नो आवारे' म्हणतात. 'आवारे' मुळात उद्गार, आपल्या 'अहाहा' आणि 'अरेरे' यांच्या मधला कुठलातरी. 'दुःख' म्हटलं की तो जड होतो. मला 'हुरहुर' जास्त जवळचा वाटतो.

'गेंजी' ही मुरासाकी शिकिबू या दरबारातल्या बाईने हजारेक वर्षांपूर्वी लिहिलेली कादंबरी. तिच्यात मुरासाकी नावाचीच लाडकी बायको गेल्यावर नायक गेंजी तिची जुनी पत्रं बाहेर काढतो. तो सुमा या किनाऱ्यावर विजनवासात असताना तिने पाठवलेली. शाई आत्ताच लिहिल्यासारखी ताजी. ती तो डोळ्यांदेखत फाडायला लावतो आणि जाळून टाकतो. पुढच्या प्रकरणाला नुसतं नाव आहे, 'ढगाआड'. खाली एक ओळ नाही. त्यानंतर गोष्ट सुरू होते ती गेंजी गेल्यावरच.

पण 'जपानी स्वभाव' वगैरे मला पटत नाही. 'मोनो नो आवारे'चं हे सूत्र मांडलं अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागाने. राहणारा मात्सुसाकाचा, पेशाने वैद्य. तोवर पंडित गेंजीत बौद्ध नाहीतर कन्फ्यूशियन बोध शोधायचे. हा म्हणाला, चिनी चष्मा उतरवा, ही कादंबरी नीती शिकवायला लिहिलेलीच नाही. तिथून हळवेपणा ही 'आपली', म्हणजे चिनी नसलेली, ओळख ठरत गेली. त्याचीच एक छोटी कविता आहे: यामातोचं, म्हणजे जपानचं, मन कसं म्हणाल, तर सकाळच्या उन्हातल्या रानचेरीच्या फुलासारखं. १९४४ साली पहिल्या कामिकाझे, म्हणजे आत्मघाती वैमानिकांच्या, तुकड्यांची नावं या कवितेतूनच उचलली. शिकिशिमा, यामातो, आसाही, यामाझाकुरा. ही नावं लावून तरुण पोरं मरायला निघाली. हे कळल्यापासून चेरीच्या फुलांचं कौतुक मी जरा जपूनच वाचतो.

कावाबाताच्या १९६८ च्या नोबेल भाषणाचं नाव 'सुंदर जपानमधला मी'. १९९४ मध्ये ओए केन्झाबुरो या दुसऱ्या जपानी कादंबरीकाराने आपल्या नोबेल भाषणाला नाव दिलं 'संदिग्ध जपानमधला मी'. चिमटा उघड आहे, आणि मी ओएच्या बाजूचा. शिवाय कावाबाताचे आईवडील, आजी, बहीण, आजोबा सगळे तो पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत गेले होते. त्याच्या उदासीला देशाचं नाव कशाला हवं?

पुढचं काय वाचू म्हणाल तर त्याचंच 'डोंगराचा आवाज' घ्या. सुरुवातीलाच एक म्हातारा पाच दिवसांपूर्वी काम सोडून गेलेल्या मोलकरणीला आठवू बघतो, आणि ती त्याला नीट आठवत नाही.