आईंसाठी पारो घ्यावा की बॅटरीवरचं मांजर?

ताई, आई ७९ वर्षांच्या, हल्ली विसरतात, इंग्रजी येत नाही, न्यू जर्सीच्या घरात दुपारभर एकट्या. त्यांच्यासाठी बोलणारा रोबो घ्यावा की पारो, म्हणजे सीलच्या पिल्लासारखा दिसणारा मऊ रोबो, असं तुम्ही विचारलंय.

बोलणारा नकोच. एलीक्यू ही वृद्धांसाठीची बोलणारी यंत्रसोबतीण इंग्रजीत बोलते. न कळणाऱ्या भाषेत कुणी सारखं काही विचारत राहिलं की विसरणारा माणूस बावचळतो. शिवाय अशा यंत्रांची बरीचशी अक्कल कंपनीच्या सर्व्हरवर असते. २०१९ मध्ये जिबो नावाच्या घरगुती रोबोचे सर्व्हर बंद झाले आणि तो शोभेची वस्तू होऊन बसला.

पारोला भाषा लागत नाही. जपानच्या ताकानोरी शिबातांनी सीलचं पिल्लू मुद्दाम निवडलं. मांजर-कुत्रं सगळ्यांच्या ओळखीचं, त्यामुळे यंत्रातली खोट चटकन दिसते. सील कुणी पाळलेला नसतो. थोपटलं की पारो ज्यासाठी थोपटलं तेच पुन्हा करतो, ठेवलेल्या नावाला ओ देतो. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे मांडीवर तान्हं बाळच. पण किंमत सहा हजार डॉलरच्या घरात. वृद्धाश्रमात दहा जणांत फिरेल तिथे ठीक, एका घराला मला पटत नाही.

जॉय फॉर ऑल या ब्रँडचं बॅटरीवरचं मांजर घ्या, सव्वाशे डॉलरच्या आसपास येतं. (आईंनी जन्मभर दुधाच्या पातेल्यावरून मांजर हाकललं असेल तर कुत्र्याचं पिल्लूही मिळतं.) सी साइझचे चार अल्कलाइन सेल घाला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, चारांचे ४.८ होतात, अल्कलाइनसारखे सहा व्होल्ट नाही, म्हणून हालचाल मंदावते. बटण म्यूटवर ठेवलं की म्याव थांबतं, गुरगुर चालू राहते. रात्री तेच बरं. हलताना आतल्या मोटरची घरघर ऐकू येते. शांत खोलीत त्यानं काहीजण दचकतात, म्हणून पहिल्यांदा मागे रेडिओ लावा.

खोक्यातून काढून थेट मांडीवर देऊ नका. चहानंतर तुम्ही स्वतः कुरवाळत बसा, त्यांनी हात पुढे केला की द्या. आठवडाभर रोज पंधरा-वीस मिनिटं सोबत बसा, नाहीतर चौथ्या दिवशी ते कपाटात जातं. “खरं आहे का?” असं विचारलं तर खरं सांगा, बॅटरीवरचं आहे म्हणून. त्यांनी न विचारता त्यांना सुधारत बसू नका. पडल्या किंवा गोळी चुकली तर मांजराला कळणार नाही, त्याची सोय वेगळी करा.

दूधभात भरवायला लागल्या तर रागावू नका, रिकामी वाटी हाताशी द्या. फर ओल्या फडक्यानं पुसा, वाळलं की ब्रश फिरवा. वॉशिंग मशीनमध्ये मात्र टाकू नका, आत मोटर आहे.