पहिला मायक्रोमिरर बोर्ड घेताना

मायक्रोमिरर म्हणजे सूक्ष्म आरशांनी चित्र पाडणारी प्रोजेक्टरची चिप. ती सुटी घेऊ नकोस. कंट्रोलर, एलईडी आणि लेन्ससकट तयार बोर्डच घे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा लाइटक्राफ्टर डिस्प्ले २००० सुरुवातीला उत्तम. ६४० गुणिले ३६०, म्हणजे २ लाख ३० हजारांवर आरसे! प्रत्येक आरसा दोनच बाजूंना कलतो. तो किती वेळ उजेड लेन्सकडे पाठवतो त्यावर करड्या छटा ठरतात. सिनेमासाठी अपुरा, पण थ्रीडी स्कॅनिंगसाठी वस्तूवर उजेडाचे पट्टे पाडायला मस्त.

त्यावर एचडीएमआय नाही. चित्र समांतर आरजीबी तारांनी (लाल, हिरव्या, निळ्या रंगांची माहिती एकाच वेळी नेणाऱ्या अनेक तारांनी) जातं, आज्ञा आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवरून. तारा बोटभरच ठेव. माझ्या लांब जंपरांमुळे, म्हणजे सुट्या जोडतारांमुळे, चित्रावर रंगीत ठिपके नाचायचे आणि मी आठवडाभर कोडमध्येच चूक शोधत बसलो होतो. ५ व्होल्टचा सप्लाय दमदार हवा. आणि चालू लेन्समध्ये कधीही डोकावू नकोस.