२,६२८ यार्ड आणि न धरलेला एक सामना

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी अमेरिकेत बॉयसी स्टेट विद्यापीठात शिकते. २०२४च्या हंगामात तिच्या नादाने मीही तिथल्या ॲश्टन जेंटीचे अमेरिकन फुटबॉलचे सामने पाहू लागलो. शेवटच्या सामन्यानंतर तो एका हंगामात धावून काढलेल्या यार्डांच्या बॅरी सँडर्सच्या विक्रमापासून २७ यार्ड मागे राहिला, तेव्हा फोनवर तिचा आवाज पार उतरला होता. हा सँडर्स कोण? कॉलेजात त्याने एवढं काय केलं होतं? आणि १९८८ सालचा आकडा आजच्या आकड्याशी ताडून पाहणं योग्य आहे का? जेंटीला सामने जास्त मिळाले, असं मुलगीच कबूल करते. यार्ड कसे मोजतात तेही जमल्यास सांगा. मी अजून अंदाजानेच टाळ्या वाजवतो.

उत्तर : तुमच्या मुलीचा प्रामाणिकपणा मला फार आवडला. हिशेबाकडे येतोच, आधी यार्डांचं सांगतो.

मैदान एका गोललाइनपासून दुसरीपर्यंत १०० यार्ड. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकला की पुन्हा चार प्रयत्न. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा खेळाडू, चेंडू लांब फेकू शकतो, किंवा मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या, पोटाशी देऊ शकतो. रनिंग बॅकचे यार्ड मोजतात ते चाल जिथून सुरू झाली त्या रेषेपासून. त्याच्या हातात चेंडू येतो या रेषेच्या चार-पाच पावलं मागे. म्हणजे तिथपर्यंत पोहोचायची धाव हिशेबात नाहीच, आणि रेषेच्या मागेच कुणी आडवा केला तर तेवढे यार्ड त्याच्या खात्यातून वजा होतात. समोर अकरा जण फक्त त्याला पाडायला टपलेले. एका धावेला सरासरी पाच यार्ड निघाले तरी कोच खूश असतो.

बॅरी सँडर्सने १९८८च्या हंगामात ३४४ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि २,६२८ यार्ड काढले. धावेला ७.६ यार्ड. सलग मांडले तर जवळजवळ २.४ किलोमीटर होतात, तेही सगळे कुणीतरी अडवत असताना काढलेले. शिवाय धावून केलेले ३७ टचडाऊन, म्हणजे इतक्या वेळा चेंडू घेऊन समोरची गोललाइन ओलांडली. आणि हे फक्त ११ सामन्यांत.

पण मला विचाराल तर त्याच्या कॉलेजच्या दिवसांची गोष्ट या हंगामाच्या आधीच सुरू होते, त्याच्या बसून राहण्यापासून. सँडर्स कॅन्सस राज्यातल्या विचिटाचा. उंची ५ फूट ८ इंच, म्हणजे या खेळात बुटकाच. शाळेतही मुख्य रनिंग बॅक म्हणून त्याला संधी मिळाली ती शेवटच्या वर्षी, तीही हंगाम सुरू झाल्यावर. त्यामुळे मोठमोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे फिरकूनही पाहिलं नाही. थोड्या ठिकाणांहून शिष्यवृत्तीची विचारणा झाली, त्यातलं त्याने स्टिलवॉटरचं ओक्लाहोमा स्टेट निवडलं. तिथे त्याच्या पुढे कोण उभा होता? थर्मन थॉमस! पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये बफेलो बिल्सकडून खेळून हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेला तो थॉमस. त्याला बाजूला करून कोच पॅट जोन्स पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोराला कशाला खेळवतील? १९८६ आणि १९८७ ही दोन्ही वर्षं सँडर्स राखीव राहिला. एकाच विद्यापीठात, एकाच वेळी, एकाच जागेसाठी हॉल ऑफ फेमचे दोन रनिंग बॅक, एक मैदानात आणि एक बाकावर. याचा विचार केला की मला आजही नवल वाटतं.

कॉलेजच्या खेळाडूकडे खेळायची वर्षं चारच असतात. रनिंग बॅकला त्यातलं प्रत्येक मोलाचं, कारण या जागेवर शरीर लवकर झिजतं. आजची सोय असती तर दोन वर्षं बसलेला मुलगा दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला असता, आणि त्याला कुणी नावंही ठेवली नसती. सँडर्स थांबला. हात मात्र बांधून बसला नाही. १९८७मध्ये तो किकऑफ परतवायचा, म्हणजे समोरच्या संघाने लाथाडलेला चेंडू झेलून उलट धावायचा. त्यात सरासरीने तो देशात पहिला होता. ते काम आणि त्याचं पुढचं रूप मला वेगळं काढता येत नाही. किकऑफ परतवताना समोरून माणसं पूर्ण वेगात अंगावर येतात, पुढे ठरलेली वाट नसते, जी फट दिसेल तिच्यात घुसायचं. १९८८मध्ये थॉमस गेल्यावर सँडर्स नेमका तसाच धावला.

त्याच्या धावांची जुनी चित्रणं मुलीबरोबर बसून जरूर पाहा, आणि चेंडूकडे न पाहता त्याच्या कमरेकडे पाहा. चेंडू हातात येतो, ठरलेली फट बुजलेली असते. दुसरा कुणीही अशा वेळी डोकं खाली घालून गर्दीत घुसेल आणि दोन यार्ड पदरात पाडून घेईल. हा जागच्या जागी थांबतो. दोन्ही पाय जमिनीवर, गुडघे वाकलेले, कंबर खाली गेलेली. अंगावर झेप घेतलेला गडी समोरून निघून जातो, कारण त्याला थांबता येत नाही. मग सँडर्स आडवी उडी मारतो, दीड-दोन पावलांची, आणि पाय टेकताक्षणी पूर्ण वेगात असतो. त्या भरीव मांड्यांमुळेच हे जमायचं. टचडाऊन झाला की चेंडू पंचाच्या हातात देऊन तो मुकाट्याने बाकाकडे चालू लागायचा. नाच नाही, आरडाओरडा नाही.

त्याच्या पुढच्या फळीतल्या धिप्पाड भिडूंना ‘वॉर पिग्ज’ म्हणत, त्यांचं नाव न घेणं अन्याय होईल. क्वार्टरबॅक माइक गंडी आणि चेंडू झेलणारा हार्ट ली डाइक्स हेही जबरदस्त होते, त्यामुळे समोरच्याला सगळी माणसं सँडर्सवर लावता यायची नाहीत. तरीही त्या हंगामात चार सामन्यांत त्याने तीनशेहून जास्त यार्ड काढले, ते कुणाच्याही मदतीने समजावून सांगता येत नाहीत. ओक्लाहोमाविरुद्ध, म्हणजे हाडवैऱ्यांविरुद्ध, २१५ यार्ड काढूनही संघ २८-३१ असा हरला. त्या पराभवाची चुटपुट स्टिलवॉटरच्या जुन्या चाहत्यांना अजून आहे.

आता टोकियो. हो, जपानच. साखळीतला शेवटचा सामना टेक्सस टेकशी टोकियो डोममध्ये ठेवला होता. हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान, त्याला जाहीर झाली तेव्हा तो तिकडे होता. कॅमेऱ्यासमोर यायलाही तो नाखूश होता. सामना तोंडावर असताना एकट्याचं कौतुक त्याला नको होतं. मग मैदानात उतरून ४४ धावांत ३३२ यार्ड आणि चार टचडाऊन. संघ ४५-४२ असा जिंकला. मार्कस ॲलनचा १९८१चा २,३४२ यार्डांचा विक्रम त्याच सामन्यात मोडला.

इथून तुमच्या मुलीच्या हिशेबाला येतो. हंगामानंतर निवडक संघांचे ‘बाऊल’ सामने होतात. ३० डिसेंबर १९८८ला सॅन दिएगोच्या हॉलिडे बाऊलमध्ये ओक्लाहोमा स्टेटने वायोमिंगला ६२-१४ असं लोळवलं. सँडर्सचे त्यात २२२ यार्ड आणि पाच टचडाऊन. पण त्या काळी कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणारी एनसीएए ही संस्था बाऊल सामन्यांतले आकडे हंगामाच्या एकूण आकड्यांत धरत नसे. ते धरायला सुरुवात झाली २००२पासून, आणि मागचे आकडे मात्र दुरुस्त केले नाहीत. त्यामुळे सँडर्सच्या नावावर २,६२८ लागले. तो सामना धरला तर होतात २,८५०.

जेंटीचे २,६०१ यार्ड आले १४ सामन्यांतून, आणि त्यातला शेवटचा, पेन स्टेटविरुद्धचा फिएस्टा बाऊल, धरलेला आहे. विक्रम मोडायला त्याला तिथे १३२ हवे होते, मिळाले १०४. दर सामन्याला सँडर्सचे २३८.९, जेंटीचे १८५.८. माझं मत स्पष्ट आहे : जेंटी २७ यार्डांनी पुढे गेला असता, तरी मी सँडर्सचाच हंगाम मोठा मानला असता. नियम बदलताना जुन्यांचे आकडे तसेच ठेवणं मला पटत नाही. सामन्यांच्या नोंदी उपलब्ध आहेत. बेरीज करायला काय हरकत आहे?

दुसरी बाजूही सांगायला हवी. हंगामाच्या सुरुवातीच्या एकतर्फी सामन्यांत जेंटीला उत्तरार्धात बसवून ठेवलं होतं. सगळे सामने तो पूर्ण खेळला असता तर आकडा कुठे गेला असता कोण जाणे. आणि बड्या विद्यापीठांकडून जास्त पैशांची बोलावणी असताना तो बॉयसी स्टेटमध्येच राहिला, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. याबाबतीत तो मला सँडर्सच्या जवळचा वाटतो.

प्रश्न : याच पत्रात शेवटी विचारतो. सँडर्स चौथं वर्ष का खेळला नाही? आणि त्याला तेव्हा काय मिळायचं?

उत्तर : पैसे म्हणाल तर शिष्यवृत्ती. नावाचा आणि चेहऱ्याचा वापर करून कमावण्याची मुभा कॉलेजच्या खेळाडूंना मिळाली जुलै २०२१पासून, आणि विद्यापीठांनी थेट पैसे द्यायला सुरुवात केली २०२५मध्ये.

चौथ्या वर्षाचं असं झालं की जानेवारी १९८९मध्ये नियमभंगाबद्दल एनसीएएने ओक्लाहोमा स्टेटवर कारवाई केली. बाऊल सामने बंद, टीव्हीवर सामने बंद. तेव्हा तिसऱ्या वर्षानंतर एनएफएलमध्ये जायची वाट सरसकट खुली नव्हती, ती १९९०ला खुली झाली. सँडर्सला या कारवाईमुळे अपवाद म्हणून परवानगी मिळाली आणि नव्या खेळाडूंच्या निवडीत डेट्रॉइट लायन्स संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच वर्षी तिथे तो १,४७० यार्डांवर होता, लीगमध्ये सर्वाधिक यार्ड असलेल्या ख्रिश्चन ओकोयेपेक्षा फक्त १० मागे. शेवटच्या सामन्यात कोचने विचारलं, जायचं का परत आत? सामना हातात होता, म्हणून सँडर्सने नको म्हटलं आणि बाकावरच थांबला. आकड्यामागे तो कॉलेजातही नव्हता आणि नंतरही नाही.

मुलीला एवढं कळवा : एका हंगामात २,६०१ ही कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटातली आजवरची दुसरी सर्वांत मोठी कामगिरी आहे. मेल्विन गॉर्डन २०१४मध्ये २,५८७वर थांबला होता, त्याच्याआधी केव्हिन स्मिथ २००७मध्ये २,५६७वर. त्यांनाही सामने चौदाच मिळाले होते, आणि जेंटी त्या दोघांच्याही पुढे आहे.