ब्लॉक करण्याआधी पाठवणारा कोण आहे ते ओळखा

तुमचा प्रश्न वाचला. वडील निवृत्त आहेत, त्यांच्या जीमेलवर रोज साठ-सत्तर नको ते मेल येतात, तुम्ही दोन महिन्यांत शंभरेक पत्ते ब्लॉक केलेत आणि तरी सकाळी इनबॉक्स पुन्हा तुडुंब. 'ब्लॉक चालतच नाही का?' असं तुम्ही विचारलंय. चालतं. पण ते नेमकं काय करतं हे आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे आपण ते भलत्याच ठिकाणी वापरत राहतो. मी गेली आठ-नऊ वर्षं आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींचे फोन आणि मेल लावून देतो. त्या अनुभवावरून जरा सविस्तर लिहितो.

जीमेलमध्ये एखादा पत्ता ब्लॉक केला म्हणजे तिथून येणारा मेल परत जात नाही, आणि पाठवणाऱ्याला काही कळतही नाही. मेल येतोच, फक्त इनबॉक्सऐवजी स्पॅममध्ये पडतो. स्पॅममधलं सगळं ३० दिवसांनी कायमचं पुसलं जातं. हे ३० दिवस लक्षात ठेवा.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात, निवृत्त शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पासबुक घेऊन वर आल्या. डिसेंबरची पेन्शन जमा झाली नव्हती. बँकेत चौकशी केली तर कळलं की नोव्हेंबरमध्ये द्यायचा हयातीचा दाखला दिलाच नाही. काकूंचं म्हणणं, दरवर्षी मेल येतो, यंदा आलाच नाही. बँकेतल्या माणसाने तारखेसकट दाखवलं, मेल गेला होता. आम्ही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, सेटिंग्जमधली ब्लॉक केलेल्या पत्त्यांची यादी काढली आणि खाली सरकवत गेलो. दोनशेच्या वर पत्ते होते. त्यात मधेच बँकेचा पत्ता. काकू म्हणाल्या, "अरे, रोज कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणून मागे लागले होते, म्हणून टाकलं." कर्जाची जाहिरात आणि दाखल्याची आठवण एकाच पत्त्यावरून येत होती. आम्ही बसलो तोवर ३० दिवस उलटून गेले होते, स्पॅममध्येही काही उरलं नव्हतं. दाखला दिल्यावर पेन्शन थकबाकीसकट मिळाली, पण मधले दिवस त्यांनी फार घोर लावून घेतला. तेव्हापासून मी कोणालाही आधी ब्लॉक करायला सांगत नाही. आधी पाठवणारा कोण आहे ते बघायला सांगतो.

तुमच्या वडिलांच्या मेलमध्ये निम्म्याहून जास्त भरणा ओळखीच्या मंडळींचा असणार: ज्या दुकानात मोबाइल घेतला, ज्या ॲपवरून तिकीट काढलं, म्युच्युअल फंड, विमा, बँक, औषधं घरपोच देणारे. यांना पत्ता आपणच कधीतरी दिलेला असतो. यांच्यावर ब्लॉक वापरू नका, अनसबस्क्राइब वापरा, म्हणजे त्यांच्या यादीतून नाव काढून घ्या. मेलच्या तळाशी बारीक अक्षरात असलेला दुवा नव्हे, तर अगदी वर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः जे बटण दाखवतं ते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या दोघांनीही ठोक मेल पाठवणाऱ्यांवर नियम लावले आहेत. जीमेलच्या ग्राहकांना दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवायचे असतील, तर जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढण्याची सोय द्यावी लागते आणि दोन दिवसांत ती विनंती पाळावी लागते. बऱ्याच कंपन्यांच्या जाहिराती आणि कामाचे मेल वेगळ्या याद्यांवरून जातात, त्यामुळे अनसबस्क्राइब केल्यावर ऑफर थांबतात, पण स्टेटमेंट आणि पावत्या येत राहतात. ब्लॉक मात्र सगळं सरसकट अडवतं.

अनसबस्क्राइब करूनही आठवड्याभरात पुन्हा जाहिरात आली, तर 'रिपोर्ट स्पॅम' दाबा, आणि अजिबात संकोच करू नका. पुष्कळांना वाटतं एकट्याच्या तक्रारीने काय होणार. याच नियमांत असंही आहे की स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या. म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारी झाल्या तरी त्या कंपनीचे मेल इतरांच्याही इनबॉक्समध्ये पोचायला अडचण येऊ लागते. ब्लॉकने फक्त तुमच्या वडिलांच्या दारातली कटकट जाते, तक्रारीने तो पाठवणारा वठणीवर येतो.

दुसरी जात भामट्यांची. 'तुमचा आयकर परतावा मंजूर झाला', 'केवायसी आज संपतंय', 'पार्सल अडकलंय'. तुमचे शंभर ब्लॉक बहुतेक इथेच वाया गेलेत. पाकिटाच्या मागे 'प्रेषक' म्हणून कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतो, पोस्टमन काही तपासत नाही. ईमेलची रचना तशीच आहे. १९८२ मध्ये मेल पोचवण्याचे नियम ठरले, तेव्हा नेटवर्कवरची मंडळी मोजकी होती. पाठवणाऱ्याचा पत्ता खरा की खोटा हे पडताळण्याची सोय त्या नियमांत ठेवलीच नव्हती. ती ठिगळं नंतर लावली गेली. त्यामुळे भामटा एक पत्ता एकदा वापरतो आणि टाकून देतो. तुम्ही ब्लॉक करता तो टाकलेला पत्ता. कधी तो पत्ता तिसऱ्याच कोणाचा तरी असतो, ज्याला याची गंधवार्ताही नसते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा प्रकार होतो.

याच जातीतला एक मेल म्हाताऱ्या माणसांना फार घाबरवतो. तो स्वतःच्याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. 'तुमचा कॅमेरा मी ताब्यात घेतलाय, चित्रीकरण आहे, बिटकॉइन पाठवा नाहीतर सगळ्यांना दाखवतो.' कधी त्यात आपला जुना पासवर्डही छापलेला असतो, कुठल्या तरी वेबसाइटवरून पूर्वी फुटलेला. आमच्याकडचे एक आजोबा हा मेल आल्यावर दोन दिवस नीट जेवले नाहीत, घरात कोणाला सांगायचीही लाज वाटली. वडिलांना आजच सांगून ठेवा की असा मेल आला तर त्यात तथ्य नसतं आणि तो तुम्हाला दाखवायला लाजू नये. खात्री करायची असेल तर कॉम्प्युटरवर मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांत 'शो ओरिजिनल' दाबा. वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा ओळी दिसतील, पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का हे तपासणाऱ्या या चाचण्या. तिथे 'फेल' असेल तर मेल बहुधा त्या नावाचा नाही असं समजा. उलट 'पास' दिसलं म्हणून मेल सज्जनाचा ठरत नाही, भामटाही स्वतःचं डोमेन (पत्त्यातला ॲट चिन्हापुढचा भाग) घेऊन पास होतो. मग डोमेनचं स्पेलिंग एकेक अक्षर करून वाचायचं. आयकर खात्याच्या साइटचा पत्ता गव्ह डॉट इन वर संपतो, आणि रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना आपल्या वेबसाइट बँक डॉट इन या डोमेनवर हलवायला लावल्या आहेत. ही दोन शेपट्या बघण्याची सवय वडिलांना लावा, आणि मेलमधल्या दुव्यावरून बँकेत कधीही जायचं नाही, हेही.

अशा मेलला अनसबस्क्राइब करू नका, उत्तर देऊ नका. फक्त 'रिपोर्ट स्पॅम' किंवा 'रिपोर्ट फिशिंग'. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तिसरी जात आपल्याकडे फार आढळते, पण कोणी तिच्याबद्दल बोलत नाही. नाव आणि आडनाव जोडून साधा पत्ता ज्यांना मिळाला, त्यांना त्याच नावाच्या दुसऱ्या माणसांचे मेल येतात. कोणी फॉर्म भरताना आपल्या पत्त्यातला आकडा विसरतो आणि त्याच्या मुलाच्या फीची पावती तुमच्या वडिलांकडे येते. जीमेल पत्त्यातल्या टिंबाला किंमत देत नाही, त्यामुळे टिंब असलेला आणि नसलेला पत्ता एकच. हे ब्लॉक करण्याआधी पाठवणाऱ्या संस्थेला दोन ओळी लिहा की हा माणूस मी नव्हे, पत्ता दुरुस्त करा. समोर कोणाचा तरी विम्याचा हप्ता किंवा परीक्षेचं हॉल तिकीट अडकलेलं असू शकतं. ज्या पत्त्यावर उत्तर स्वीकारत नाहीत, तिथे मात्र नाइलाजाने ब्लॉक.

आणि चौथी जात, ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो. एखादा ओळखीचा माणूस छळत असेल, धमक्या किंवा घाणेरडं लिहीत असेल, तर पहिला हात ब्लॉककडे जातो. थांबा. ब्लॉक केलं की ते मेल स्पॅममध्ये जातील आणि ३० दिवसांनी पुरावाच नाहीसा होईल. त्याऐवजी फिल्टर करा: त्या पत्त्यावरून येणारा मेल इनबॉक्स टाळून थेट एका वेगळ्या लेबलखाली जाऊ दे, 'वाचलेला' म्हणून, आणि फिल्टरमधला 'स्पॅममध्ये कधीच टाकू नका' हा पर्यायही निवडा. डोळ्यांना दिसणार नाही, पण जपलेला राहील. पोलिसांच्या सायबर शाखेत जायची वेळ आली तर स्क्रीनशॉटपेक्षा मूळ मेल कामाचा, कारण तो कुठल्या सर्व्हरवरून किती वाजता निघाला याची नोंद मूळ मेलमध्येच असते. बाईमाणसाचा नको असताना इंटरनेटवर पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, हे तक्रार देताना माहीत असावं.

बरेच जण डीएनडीचं, म्हणजे जाहिरातींचा त्रास बंद करण्याच्या सरकारी नोंदणीचं विचारतात. १९०९ या क्रमांकावरची ती नोंदणी फोन आणि एसएमएसपुरती आहे, ईमेलला लागू नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ कलमात उपद्रवी मेलचा उल्लेख होता, पण ते अख्खं कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, आणि त्या कलमाखाली लोकांना पोस्टवरून उचललं जात होतं ते बघता योग्यच केलं.

आता प्रत्यक्ष कामाला लागा. येत्या रविवारी वडिलांशेजारी तासभर बसा, आणि फोनवर नव्हे, कॉम्प्युटरवर, कारण जीमेलच्या ॲपमध्ये फिल्टर करता येत नाहीत. डाव्या बाजूच्या यादीत 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' सापडेल, २०२५ मध्ये ही सोय आली. त्यात सगळ्यात जास्त मेल टाकणारे वर दिसतात. वरून खाली एकेक नाव वडिलांना मोठ्याने वाचून दाखवा आणि हवं की नको ते त्यांनाच ठरवू द्या. आमच्या एका काकांनी गावाकडच्या हवामानाचा रोजचा मेल राखून ठेवला, मी परस्पर काढला असता. पहिल्या वीस नावांतच अर्धं ओझं उतरलेलं दिसेल.

एकच डोमेन रोज नवनव्या नावांनी येत असेल, तर पत्ते एकेक ब्लॉक करत बसू नका. शोधाच्या चौकटीतलं फिल्टरचं चिन्ह दाबून 'फ्रॉम'मध्ये ॲट चिन्हापासून पुढचा भागच लिहा आणि 'डिलीट' निवडा. फक्त तिथे चुकूनही जीमेलचं नाव टाकू नका, निम्मं गणगोत कचऱ्यात जाईल. उलटा फिल्टरही आत्ताच करून टाका: बँक, पेन्शन, वीज, दवाखाना यांच्या पत्त्यांना 'स्पॅममध्ये कधीच टाकू नका'.

यापुढे कुठे पत्ता द्यायची वेळ आली तर नावापुढे अधिकचं चिन्ह आणि दुकानाचं नाव जोडून द्या. मेल त्याच खात्यात येतो, पण पत्ता कोणी विकला ते लगेच कळतं आणि तेवढ्यावरच फिल्टर लावता येतो. काही फॉर्म ते चिन्ह घेत नाहीत, मग इलाज नाही. सेटिंग्जमध्ये चित्रं आपोआप दाखवणं बंद करून 'आधी विचारा' ठेवा, कारण मेल उघडल्याची खबर पाठवणाऱ्याला पुष्कळदा त्या चित्रांतूनच मिळते.

पण या सगळ्याच्या आधी, आज रात्रीच, ती शंभर ब्लॉक केलेल्या पत्त्यांची यादी उघडा. त्यात बँकेचा, पेन्शनचा किंवा वडिलांचा स्वतःचाच पत्ता असेल तर लगेच मोकळा करा, आणि मग स्पॅम उघडून बघा. गेल्या ३० दिवसांतलं कामाचं काही अडकलं असेल, तर ते अजून तिथे असेल.